हा उजेड कुणाचा?

सन १९०४. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला एक किरकोळ अंगाचा मुलगा बी.ए.ला पहिला आला. पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदकही त्यालाच मिळाले. वय जेमतेम सोळा. प्राध्यापकांनी सुचवले, याला पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवा. प्रकृतीच्या तपासणीसाठी मुलगा सिव्हिल सर्जनसमोर उभा राहिला. डॉक्टरांनी तपासले आणि इंग्लंडची थंड हवा या मुलाला मानवणार नाही, असा निर्वाळा दिला. विलायतेचा बेत तिथेच बारगळला. हा नाजूक प्रकृतीचा मुलगा पुढे ८२ वर्षे जगला आणि शेवटच्या वर्षापर्यंत कामात राहिला. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. फळ्यावर रामन यांचे चित्र येते, मुले भाषणे पाठ करतात, नोबेल पारितोषिकाचे साल सांगतात. पण त्या तारखेमागचे खरे काम कसे झाले, हे भाषणात फारसे येत नाही. ते काम होते बेन्झिन, टोल्युइन, ईथर, अल्कोहोल, ग्लिसरिन अशा साध्या सेंद्रिय द्रवांवर निळा-जांभळा प्रकाश टाकून, एकामागून एक कुप्या तपासत बसण्याचे. प्रत्येक कुपीपुढे प्रश्न एकच होता. आतून जो मंद उजेड दिसतो तो द्रवाचा स्वतःचा, की त्यात राहिलेल्या घाणीचा? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता रामन नोबेलपर्यंत पोहोचले. तोच प्रश्न पुढे लेसरच्या जन्मानंतर पुन्हा समोर आला, आणि आज तोंडाच्या कर्करोगाच्या संशोधनातही तो आपल्या दाराशी उभा आहे. म्हणून आजच्या लेखात रामन यांची ही बाजू पाहू.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. पुढे त्यांना विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी लागली आणि रामन यांचे बालपण तिथे समुद्राकाठी गेले. घरात पुस्तके भरपूर होती, वीणा होती. १९०६ मध्ये, म्हणजे एम.ए. व्हायच्या आधीच, प्रकाशावरचा त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला. तो त्यांनी स्वतःच लिहिला आणि स्वतःच पाठवला होता.

पण त्या काळी हिंदुस्थानात संशोधनावर पोट भरण्याची सोय नव्हती. सरकारी वित्त विभागाच्या परीक्षेत रामन पहिले आले आणि १९०७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याला मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पगार उत्तम, बंगला, मानमरातब. दुसरा कोणी असता तर तिथेच स्थिरावला असता.

कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावर एका इमारतीवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स अशी पाटी होती. ट्रामने जाता-येता ती रामन यांच्या नजरेस पडली. ही संस्था १८७६ मध्ये उभी केली होती डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकीय व्यावसायिकाने. हिंदी माणसाने हिंदी पैशावर, स्वतःच्या प्रयोगशाळेत विज्ञान करावे, असा त्यांचा ध्यास होता. त्यांनी लोकांकडून वर्गणी जमवून उपकरणे घेतली, व्याख्याने ठेवली. पण संशोधन करायला माणूस मिळाला नाही, ही खंत घेऊनच ते १९०४ मध्ये वारले. तीन वर्षांनी तो माणूस ट्राममधून उतरून दारात आला. त्यांचे पुत्र अमृतलाल सरकार यांनी रामन यांना प्रयोगशाळा मोकळी करून दिली. एका डॉक्टराच्या निर्वाळ्याने रामन यांची विलायत हुकली होती; दुसऱ्या डॉक्टराने लावलेल्या रोपट्याच्या सावलीत त्यांना जागा मिळाली.

मग दहा वर्षे एकच दिनक्रम. सकाळी कचेरीच्या आधी प्रयोगशाळा, दिवसभर सरकारी हिशेब, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा, रात्री उशिरा घर. मधल्या काळात रंगूनला बदली झाली, १९१० मध्ये नागपूरला झाली, आणि पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला परतले. तंतुवाद्ये, मृदंग, तबला यांच्या नादामागचे शास्त्र हा त्या काळातला त्यांचा आवडता विषय. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद देऊ केले. या पदासाठी परदेशी शिक्षणाची अट होती. रामन यांनी केवळ त्यासाठी परदेशी जायला नकार दिला आणि अट शिथिल झाली. पगार मात्र जवळजवळ निम्म्यावर आला. तो त्यांनी आनंदाने स्वीकारला.

रामन पहिल्यांदा परदेशी गेले ते १९२१ मध्ये, ऑक्सफर्डच्या एका परिषदेसाठी. या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळ्या रंगाने त्यांना वेड लावले. समुद्र निळा दिसतो कारण त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते, असे तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञही मानत. रामन यांच्या खिशात निकोल प्रिझम नावाचा एक छोटा स्फटिक होता. ठरावीक कोनात धरला की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारी झळाळी तो अडवतो. तो डोळ्याला लावून त्यांनी बोटीच्या कठड्यावरून पाणी पाहिले. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले, निळाई मात्र तशीच राहिली, उलट अधिकच खुलली. म्हणजे तो रंग पाण्याच्या आतून येत होता. परतीच्या वाटेवर नारकुंडा बोट मुंबई बंदरात पोहोचली तेव्हा, सप्टेंबर १९२१ मध्ये, या विषयावरचे त्यांचे टिपण नेचर नियतकालिकासाठी तयार होते. पाणी लाल प्रकाश शोषून घेते, याचाही समुद्राच्या निळाईत मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण उत्तर पाण्यातच शोधायचे, ही रामन यांची दिशा बरोबर होती.

आपल्याकडे पावसाळ्यात भाट्याच्या खाडीचे गढूळ पाणी समुद्रात पसरते तेव्हा किनारा मातकट दिसतो, आणि गाळ खाली बसल्यावर हिवाळ्यात तोच समुद्र निळा-हिरवा होतो. पाणी तेच, आत मिसळलेले काय आहे त्यावर रंग ठरतो. रामन यांच्यापुढची पुढची सात वर्षांची अडचण हीच होती, फक्त खाडीऐवजी काचेच्या कुपीत.

इथे थोडे शास्त्र समजून घेऊ. एखाद्या पारदर्शक द्रवावर प्रकाशाचा झोत टाकला की त्यातला थोडा प्रकाश रेणूंवर आपटून बाजूला विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश मूळ झोताच्याच रंगाचा असतो, असे तोवर मानले जाई. पण काही पदार्थ दुसरीच करामत करतात. ते जांभळा किंवा अतिनील प्रकाश पिऊन घेतात आणि वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. कपडे धुण्याच्या पावडरीतले उजळ करणारे द्रव्य, टॉनिक वॉटरमधले क्विनीन ही त्याची घरगुती उदाहरणे. त्वचारोग विभागात आम्ही वुड्स लॅम्प वापरतो तो याच तत्त्वावर. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की कोडाचे डाग पांढरेशुभ्र चमकतात, आणि जांघेतल्या एका प्रकारच्या जंतुसंसर्गात त्वचा पोवळ्यासारखी लाल दिसते. मात्र त्या त्वचेवर आधी मलम किंवा पावडर लावलेली असेल तर तीही चमकते आणि निदान फसू शकते. म्हणून दिवा लावण्याआधी त्वचा स्वच्छ पुसणे हा पहिला नियम.

प्रतिदीप्त द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात असले तरी डोळ्याला जाणवते. कुपीभर बेन्झिनमध्ये त्याचा अंश राहिला असेल तर दिसणारा उजेड बेन्झिनचा समजायचा की त्या अंशाचा? १९२३ मध्ये रामन यांचे विद्यार्थी रामनाथन यांना पाण्यासारख्या द्रवांमध्ये मूळ झोतापेक्षा वेगळ्या रंगाचा एक अतिशय मंद उजेड दिसला होता. स्वाभाविकपणे त्यांनी तो अशुद्धतेच्या खाती टाकला. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला. घाणीचा उजेड असता तर प्रत्येक शुद्धीकरणागणिक तो कमी व्हायला हवा होता. तो कमी झाला नाही. ही नोंद रामन यांच्या मनात रुतून बसली.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या कॉम्प्टन यांनी क्ष-किरणांबाबत दाखवले की विखुरताना किरणांची तरंगलांबी बदलू शकते. १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मग साध्या प्रकाशाचेही तसे होत असेल का, असा विचार रामन करू लागले. वेंकटेश्वरन नावाचे त्यांचे एक सहकारी दिवसा सरकारी चाचणीगृहात नोकरी करून उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत येत. त्यांना शुद्ध ग्लिसरिनमध्ये निळ्याऐवजी हिरवट उजेड दिसला, आणि तो ध्रुवित होता, म्हणजे प्रकाशलहरींचे कंपन एका ठरावीक दिशेला होते. द्रवांमधल्या साध्या प्रतिदीप्तीत असे सहसा आढळत नाही. हा धागा महत्त्वाचा होता.

फेब्रुवारी १९२८ मध्ये रामन यांनी के. एस. कृष्णन या आपल्या सर्वांत हुशार सहकाऱ्याला या कामावर बसवले. साधने साधीच होती. दुर्बिणीच्या भिंगाने एकवटलेला सूर्यप्रकाश, तो फक्त निळा-जांभळा उरावा म्हणून वाटेत एक रंगीत काच, मग शुद्ध द्रवाची कुपी, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे दुसरी अशी काच की जी निळा-जांभळा प्रकाश पूर्ण अडवते. द्रवाने रंग बदलला नसेल तर डोळ्यापुढे काळोख. बदलला असेल तरच उजेड दिसणार. उजेड दिसला. कुपी बदलली, पुन्हा दिसला. असे सुमारे ६० द्रव तपासले गेले, काहींच्या वाफाही तपासल्या. प्रत्येकात तोच अनुभव, कमी-अधिक प्रमाणात. साठ वेगवेगळ्या द्रवांत, वेगवेगळ्या पद्धतींनी शुद्ध करूनही, एकाच तऱ्हेची घाण राहणे शक्य नव्हते. शिवाय उजेड ध्रुवित होता. हा उजेड रेणूंचा स्वतःचाच होता.

२८ फेब्रुवारीला हा प्रकाश वर्णपटदर्शकातून नीट पाहिला गेला आणि नवा प्रकाश मूळ प्रकाशापासून वेगळा, स्वतंत्र पट्टीत दिसला. मग सूर्याऐवजी पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला. या दिव्याचा प्रकाश सलग नसतो, त्याच्या वर्णपटात ठळक, सुट्या रेषा असतात. तो द्रवातून गेल्यावर त्या रेषांच्या शेजारी नव्या बारीक रेषा उमटल्या. प्रत्येक द्रवाच्या रेषा वेगळ्या जागी. मूळ रेषेपासूनचे त्यांचे अंतर रेणूच्या आतल्या कंपनांवर ठरते. मूळ प्रकाश बदला, नव्या रेषा सरकतात, पण हे अंतर कायम राहते. प्रतिदीप्ती मात्र दिवा बदलला तरी साधारण आपल्याच ठरलेल्या रंगात राहते. दोन्हींतला भेद असा कायमचा पक्का झाला. जणू प्रत्येक सेंद्रिय द्रवाने आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवून दिला.

हा परिणाम फार क्षीण असतो. कोट्यवधी प्रकाशकणांतला एखादाच असा रंग बदलून येतो. त्यामुळे फोटोच्या काचेवर रेषा उमटायला तासन्‌तास लागत. आणि ज्या बेन्झिनच्या कुप्या ही माणसे दिवसभर हाताळत होती, त्याच्या वाफेने अस्थिमज्जेला इजा होते, रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. आज ते बंदिस्त कपाटात, पंखा लावूनच हाताळतात.

नोबेल पारितोषिक १९३० मध्ये एकट्या रामन यांना मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई. पण या शोधाचे नेचरमधले पहिले पत्र रामन आणि कृष्णन या दोघांच्या नावाने आहे. त्याआधीची नोंद रामनाथन यांची, ग्लिसरिनचे निरीक्षण वेंकटेश्वरन यांचे. मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मँडेलस्टाम यांनाही त्याच दिवसांत क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम दिसला होता. यामुळे रामन यांचे श्रेय उणे होत नाही. सात वर्षे तो प्रश्न धरून ठेवणारे आणि कुठला धागा ओढायचा हे ओळखणारे तेच होते. पण उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत येणाऱ्या वेंकटेश्वरन यांचे नावही २८ फेब्रुवारीच्या भाषणात यायला हरकत नाही.

१९३३ मध्ये रामन बंगळूरुच्या टाटांच्या विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली आलेली एक मराठी मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवत यांची ही बहीण. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. गुणांत काही कमी नव्हते, तरी ती बाई आहे म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. गांधीजींचा मार्ग धरून त्यांनी संस्थेत ठाण मांडले. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. काम समाधानकारक वाटले तरच पुढे.

ज्या माणसाने एकेका द्रवाला तपासल्याखेरीज अशुद्ध म्हटले नाही, त्याने एका विद्यार्थिनीला मात्र तपासण्याआधीच नाकारले. ही रामन यांच्या आयुष्यातली मोठी उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. वर्षभराने कमलाबाईंचे काम पाहून त्यांनी आपले मत बदलले आणि पुढे मुलींनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला, हेही तितकेच खरे. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, डाळी, दूध आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषवले. पण अपमानाचे ते वर्ष त्या विसरल्या नाहीत.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात ॲना मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांची प्रतिदीप्ती आणि त्यांचा रामन वर्णपट मोजला. त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी देशी उपकरणे घडवली. हिऱ्यांवर त्या जे करत होत्या, तेच पुन्हा: हा उजेड हिऱ्याचा की त्यातल्या भेसळीचा, याची छाननी.

१९४८ मध्ये निवृत्त झाल्यावर रामन यांनी बंगळूरुतच स्वतःची संशोधन संस्था काढली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. उतारवयात ते फुलांचे रंग आणि माणसाचा डोळा यांच्या अभ्यासात गढले होते. दृष्टीच्या शरीरक्रियेवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आला, वयाच्या ऐंशीच्या घरात.

त्याच काळात, दूर अमेरिकेत, त्यांच्या जुन्या कुप्यांना नवा अर्थ मिळत होता. मे १९६० मध्ये मेमन यांनी माणिकाच्या कांडीपासून पहिला लेसर बनवला. १९६२ मध्ये वुडबरी आणि एनजी हे दोघे असाच एक लेसर चालवत होते. झोताची वेगाने उघडझाप करण्यासाठी वाटेत नायट्रोबेन्झिन या सेंद्रिय द्रवाची कुपी ठेवलेली होती. माणिकाच्या लेसरचा प्रकाश ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा असायला हवा. पण त्याबरोबर ७६६ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा दुसरा जोरदार झोतही निघत होता. हा कुठून आला? दोन्हींतला फरक मोजला तर तो नायट्रोबेन्झिनच्या रामन रेषेच्या अंतराशी तंतोतंत जुळला. मग बेन्झिन, टोल्युइन आणि इतर सेंद्रिय द्रव एकामागून एक त्या जागी ठेवून पाहिले. प्रत्येकाने आपापल्या ठशाप्रमाणे वेगळा झोत दिला. १९२८ मध्ये जो उजेड डोळे ताणून पाहावा लागे, तो लेसरच्या रेट्याखाली स्वतःच लेसर होऊन बाहेर पडत होता.

तेव्हापासून सेंद्रिय संयुगांची लेसरसाठी चाचपणी जोरात सुरू झाली. आता प्रतिदीप्तीही, जी रामन यांच्या कामात अडथळा होती, हवीहवीशी झाली. १९६६ मध्ये अमेरिकेत सोरोकिन आणि जर्मनीत शेफर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रंगद्रव्याच्या द्रावणातून लेसर मिळवला. रंगद्रव्य बदलले की लेसरचा रंग बदलतो, ही याची खुबी. ऱ्होडामिनपासून केशरी, कूमारिनपासून निळा-हिरवा. वैद्यकात याचा लवकरच उपयोग झाला. जन्मखुणेचे लालसर डाग फिकट करणारा लेसर आणि १९८०च्या दशकात मूत्रमार्गातला मुतखडा फोडणारा ५०४ नॅनोमीटरचा कूमारिन लेसर ही त्याची उदाहरणे. मुतखड्यासाठी आज होल्मियमचा लेसर अधिक वापरतात, पण वाट त्या रंगद्रव्याने दाखवली.

सर्वांत कठीण ठरला तो अतिनील लेसर. त्यासाठी संयुग निवडताना चार कसोट्या लागतात. त्याने दिलेला प्रकाश भरपूर शोषला पाहिजे. शोषलेल्यातला बहुतेक उजेडाच्या रूपाने परत दिला पाहिजे, उष्णतेत घालवता कामा नये. बाहेर टाकलेला उजेड त्याने स्वतःच पुन्हा पिऊन टाकता कामा नये. आणि या माऱ्यात रेणू टिकला पाहिजे. अतिनील प्रकाशाची ऊर्जा इतकी असते की सेंद्रिय रेणूंचे बंध तुटतात. म्हणून बरीच संयुगे चौथ्या कसोटीवर नापास होतात. काही रेणू तिसऱ्या कसोटीवर अडतात. ते क्षणभर एका आडवाटेच्या अवस्थेत अडकून पडतात आणि तिथून स्वतःचाच उजेड गिळतात. शिवाय द्रावक शुद्ध नसेल तर त्यातला मळच अतिनील प्रकाश खाऊन टाकतो. पॅरा-टर्फेनिल हे संयुग या कसोट्यांतून उतरले आणि १९७०च्या सुमारास त्याच्या द्रावणातून ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील लेसर मिळाला. पुढे रुग्णालयात मात्र वायूंचे लेसर अधिक भरवशाचे ठरले. चष्म्याचा नंबर काढणारा १९३ नॅनोमीटरचा आणि कोड, सोरायसिस यांवर वापरला जाणारा ३०८ नॅनोमीटरचा, हे दोन्ही वायूंचे आहेत.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या बागेतच अंत्यसंस्कार झाले. समाधी बांधली नाही, तिथे एक झाड लावले.

आता आपल्या दाराशी येऊ. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी तोंडात पांढरे-लाल चट्टे पडलेले रुग्ण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नेहमी येतात. चट्टा साधा की कर्करोगाचा, हे ठरवायला त्याचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढला की रोग पसरतो, या गैरसमजापायी अनेकजण पाठ फिरवतात आणि सहा महिन्यांनी गाठ घेऊन परततात. तुकडा न काढता, नुसता प्रकाश टाकून ओळखता आले तर? खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत तोंडाच्या कर्करोगासाठी रामन वर्णपटाचे संशोधन याच आशेने झाले आहे. रोगट पेशींतली प्रथिने, स्निग्ध पदार्थ यांचे प्रमाण बदलते आणि त्यांचा ठसाही बदलतो.

इथेही तोच जुना अडथळा आहे. जिवंत उती स्वतःच प्रतिदीप्त असतात. तंबाखूचे डाग आणि तोंडातले जंतू त्यात भर घालतात. या चमकेत रामनचा क्षीण ठसा बुडून जातो. यातून सुटायला दोन वाटा आहेत. एक, ७८५ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर वापरणे, कारण त्याने प्रतिदीप्ती फारशी चेतवली जात नाही. दुसरी, अडीचशे नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील लेसर वापरणे. त्यात रामन रेषा मूळ रेषेला इतक्या लगटून पडतात की प्रतिदीप्तीचा पट्टा त्यांच्या पुढे राहतो. औषधाची भुकटी किंवा प्रयोगशाळेतला नमुना यांना दुसरी वाट चालते. माणसाच्या तोंडात ती नको, कारण असा अतिनील प्रकाश पेशींच्या डीएनएला इजा करतो. म्हणून रुग्णांसाठी पहिली वाट धरली जाते.

हे तंत्र अजून संशोधनातून रोजच्या वापरात यायचे आहे. चट्ट्यावर नुसता दिवा धरून कर्करोग आहे किंवा नाही असे छातीठोक सांगणारा कोणी भेटला, तर रामन यांनी साठ कुप्यांपुढे विचारला तोच प्रश्न त्याला विचारा. दिसलेला उजेड रोगाचा, की तोंडातल्या दुसऱ्याच कशाचा? पक्के निदान आजही तुकड्याच्या तपासणीनेच होते. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाही, तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, तिखट झोंबू लागले, तर वाट पाहू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात जा आणि तोंड उघडून दाखवा.